दादाचे कोरडे वाफे

दादा गेल्याचा निरोप घेऊन गावचा माणूस सायकलवरून तिरोड्याला आला, तेव्हा मी चौथीच्या पोरींकडून पाढे म्हणून घेत होते. वर्गाच्या दारात चप्पल काढावी की नाही या घोटाळ्यात तो जरा वेळ उभा राहिला. मग ‘बाई, तुमचे दौलतदादा गेले’ एवढं बोलून तोच रडायला लागला. मी रडले नाही. पोरींचा पाढा पुरा होऊ दिला, हेडमास्तरांना सांगितलं आणि निघाले. त्याला आता काही आठवडे झाले. मधल्या दिवसांत दादावर इथे-तिथे छापून आलं. करारी माणूस, बरडावर जंगल उभं करणारा, स्वतः तहानलेला राहून रोपं जगवणारा... हे शेवटचं वाचून मला हसू आलं. तो कधीच तहानलेला राहिला नाही. तहानलेलं त्याने दुसऱ्यांना ठेवलं. आम्ही त्याच्या दोन बहिणी, आणि त्यातली जगलेली मी, म्हणून लिहायला बसले आहे. गेलेल्या माणसाबद्दल गोड ऐकायची ज्यांना सवय आहे, त्यांनी पुरवणीचं पान उलटावं.

आमचं गाव नागझिऱ्याच्या जंगलाला लागून. तलाव आणि धान, याखेरीज गावाला तिसरा विषय नाही. रोप म्हटलं की आमच्याकडे डोळ्यांसमोर धानाचे पऱ्हेच येतात. वाफ्यात पाणी तुंबवायचं, शेणखत घालायचं, हिरवंगार झालं की उपटून बांधीत रोवायचं. स्वातंत्र्यानंतर झाडं लावायची हवा आली, तेव्हा गावकऱ्यांनी शिवण आणि करंजाची रोपंही याच पद्धतीने वाढवली. काय दिसत होती ती... माणसं मुद्दाम बघायला यायची. मग ती नेऊन बरडावर, निव्वळ मुरमात लावली. त्या साली पावसाने लवकर पाठ फिरवली आणि दिवाळीच्या आत सगळ्यांच्या काड्या झाल्या. उपटून पाहिलं तर वर हातभर पाला आणि खाली बोटभर मूळ. तलावाच्या पाळीवर बसून म्हातारी माणसं हळहळत होती, एवढं खाऊ-पिऊ घातलं तरी मेली कशी म्हणून.

दादा तेव्हा जंगलखात्याच्या नर्सरीवर होता. त्याने आपल्या वाफ्यांचं पाणी आधीपासूनच तोडत आणलं होतं. त्याची रोपं खुरटी, पानं जाडसर, बघणाऱ्याला कीव यावी अशी. पण त्यांची मुळं ओल शोधत खोल गेली होती आणि त्याच बरडावर ती तगली. ‘पानी देलं का मुळी वरच बसून राहते,’ तो गावाला सांगायचा. ‘तहान लागू द्या, मंग पाहा कशी खाली जाते.’ यात तो बरोबर होता, हे मी कबूल करते. एकदा बरोबर ठरला हेच वाईट झालं. त्या दिवसापासून त्याला जगात दुसरं औषधच दिसेना. बैल अडला, तोडा वैरण. गडी कुरकुरला, नका बोलू त्याच्याशी. आणि घरात आम्ही दोघी होतोच.

बाप कधीच गेला होता. आई गेली तेव्हा मी पऱ्हे उपटायला बायांच्या रांगेत बसण्याएवढी झाले होते आणि शेवंता रांगत होती. म्हणजे मी आईच्या हातचं खाऊन वाढले, शेवंता कोणाकोणाच्या हातचं. हा फरक कोणी लक्षात घेतला नाही, दादाने तर नाहीच. मला त्याने मास्तरणीच्या शिक्षणाला गोंदियात एका नात्यातल्यांच्या घरी ठेवलं आणि जाताना माझ्यादेखत त्यांना बजावलं, ‘हिचे लाड करू नोका.’ त्यांनी त्याचा शब्द तंतोतंत पाळला. शेजारी बिड्या वळणारी एक बाई होती. ती भिंतीवरून मला हाक मारायची, ‘ए मास्टरनी, रोटी खा ले पहले, किताब कहीं भागी नहीं जा रही.’ ती नसती तर माझं काय झालं असतं, सांगता येत नाही. पुढे मी नोकरीला लागले, तर दादा चारचौघांत माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, ‘पाहा, कोरड्यात वाढवली, कशी मुळी धरली.’ माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आईचे घास आणि त्या बाईच्या भाकरी त्याने आपल्या नावावर करून टाकल्या.

एका उन्हाळ्यात सुटीला घरी गेले होते. मागचा पाऊस ओढ देऊन गेलेला, विहिरी खरवडलेल्या. दादाने नर्सरीतल्या साऱ्या वाफ्यांचं पाणी एकदम बंद केलं होतं. वाफे मुरमाड, त्यात खत नाही, गाळ नाही, कारण खताने रोप माजतं असं त्याने ठरवून टाकलं होतं. वहिनीने बांधून दिलेली भाकरी दादाला द्यायला मी रोज तिकडे जायची आणि बघायची. रोपं शेंड्याकडून करपत चालली होती. फक्त अगदी कडेच्या वाफ्याच्या एका कोपऱ्यातली रोपं वेगळी होती. दुपारी तीही माना टाकायची, पण सकाळी पुन्हा उभी असायची. त्या कोपऱ्याला लागून चौकीदाराच्या बकऱ्यांचा गोठा होता. लेंड्या आणि चुलीची राख तिथे पडायची, मागच्या पावसात ती मातीत मुरली होती. तहान त्यांनाही तेवढीच होती, पण त्यांच्या पोटात आधीचं काही होतं.

मी दादाला हात धरून नेलं नि दाखवलं. म्हटलं, ‘तहान सोसायलाही अंगात काही लागते, दादा. तू उपाशी पण ठेवतोस आणि तहानलेलं पण.’ तो हसला. ‘तू पोरी शिकव,’ म्हणाला, ‘झाडं मले नोको शिकवू.’ दुसऱ्या दिवशी मोठे साहेब पाहणीला यायचे होते. दादाने सकाळीच गडी लावून वाळलेली सारी रोपं उपटवली, कचऱ्याच्या खड्ड्यात लोटली आणि राहिलेली नीट ओळीत लावून घेतली. साहेब छडी हलवत वाफ्यांमधून फिरले. ‘वाह दौलतराम, ऐसी गर्मी में भी एक नहीं मरा.’ दादा हात जोडून उभा होता. त्याच्या मागे, पाच पावलांवर, तो खड्डा होता.

शेवंता त्याच आठवड्यात आली. तिचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. भर दुपारी, एकटी, चालत आली होती आणि ओट्यावर बसली ती भिंतीला टेकूनच. गळ्याची हाडं दिसत होती. सासरी धान संपलं होतं आणि सून म्हणून तिच्या ताटात सगळ्यांच्या शेवटी जे उरेल ते पडायचं. वहिनीने काही न विचारता चुलीवर भात ठेवला. दादा नर्सरीतून आला, शेवंताकडे पाहिलं आणि वहिनीला म्हणाला, ‘पानी दे तिले.’

‘भात होऊन राहिला आहे,’ वहिनी म्हणाली.

‘भात खाईन तं दिवस मावळंन, मंग ते इथंच राहीन. आज राहिली तं जनमभर इकडेच पाहीन. जाऊ दे तिले. धरते मुळी.’

मी भांडले. हमरीतुमरीवर आले. तिला तिरोड्याला माझ्याकडे नेते म्हटलं. तर तो म्हणाला, लग्न झालेल्या पोरीला बहीण नेत नसते, सासरचे मग दारात उभं करणार नाहीत. शेवंताने लोटाभर पाणी पिऊन टाकलं, पदराने तोंड पुसलं. ‘नोको भांडू व बाई,’ ती मला म्हणाली, ‘दादा म्हनते तं जातो मी.’ आमच्याकडे परकी बाईसुद्धा जेवल्याशिवाय दारातून जात नाही. माहेरची लेक पाण्यावर परत गेली. चुलीवर भात रटरटत होता.

पावसाळ्यात ती तापाने गेली. साधा ताप होता. गावात तो कितीजणांना आला आणि उतरला. दादा मौतीला आला, खांदा दिला आणि परतताना मला एवढंच म्हणाला, ‘नशीब.’ त्यानंतर मी त्या घराची पायरी चढले नाही. शिवरात्रीला नागऱ्याच्या जत्रेत कधी समोरासमोर आलो तर मी पदर सावरून दुसऱ्या बाजूने गेले. तो हाक मारायचा नाही. बहुतेक त्यालाही ते सोयीचं होतं.

तो गेला त्या दिवशीही मी अंगणातूनच परतले. घरात गेले ती तेरवीला, वहिनीसाठी. बायका आत रडत होत्या, मला तिथे बसवेना म्हणून मागच्या आवारात गेले. दादाने मधल्या वर्षांत घरामागेही वाफे केले होते. छपराखाली काळाशार ढीग होता, तलावातला गाळ, वाळून भेगा पडलेला, आणि त्यावर उपडी टोपली. वाफ्यातली माती हातात घेतली तर तीही काळी, शेणखताचा वास असलेली. वहिनी मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, ‘शेवंता गेली ना, त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यापासून आनून राहिले होते. बैलबंडी भरभरून, नर्सरीत पन आन् इथं पन. पयले पोसत, मंग पानी तोडत. कायले म्हनून विचारलं तं बोलत नव्हते.’

ती हे मला समाधान वाटावं म्हणून सांगत होती. मला संताप आला, हातातली माती मी वाफ्यात आपटली. म्हणजे त्याला कळलं होतं. कोपऱ्यातली ती रोपं त्याने पाहिली होती, माझं म्हणणं त्याला पटलं होतं, आणि त्याने आपली चूक सुधारली... रोपांच्या बाबतीत. शिवण-करंजासाठी हा माणूस वर्षानुवर्षं गाळ वाहत राहिला आणि शेवंतासाठी त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. तो शब्द मला हवा होता. आता तो कधीच मिळणार नाही, आणि करारी माणूस म्हणून मी त्याला ओवाळणारही नाही.

‘या ढिगाचं काय करू आता?’ वहिनीने विचारलं.

‘वाफ्यात टाक,’ मी म्हटलं. ‘रोपांनी काय केलं आहे.’

आत त्याच्या फोटोला हार घालायला माझं नाव पुकारत होते. मी गेले नाही. पुढच्या ओट्यावर आले आणि शेवंता जिथे बसली होती तिथेच, भिंतीला टेकून बसले. वहिनीने रीतीप्रमाणे लोटाभर पाणी आणून पुढ्यात ठेवलं. मी तो लोटा बाजूला सरकवला.

‘पाणी राहू दे, वहिनी. आधी भात वाढ.’

तिने माझ्याकडे पाहिलं, लोट्याकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून आत गेली. भात आला. लोक बघत होते. मी कोणाकडे न बघता तिथेच पोटभर जेवले.