हजेरीतली झुंबरबाई

रोज सकाळी आठला गेटवर ‘झुंबरबाई’ अशी हाक आली की गिरिजाबाई आधी पदर सावरायची, मगच ‘हाजर’ म्हणायची. तेवढा वेळ तिला लागायचाच. नाव धाकट्या जावेचं होतं. सत्याऐंशी साली झुंबरबाई बाळंतपणाला माहेरी गेली, तेव्हा तिच्या जागी बदली म्हणून गिरिजाबाई काही महिन्यांसाठी एमआयडीसीतल्या बियाण्याच्या प्लँटवर उभी राहिली. झुंबरबाई कामावर परतलीच नाही. हजेरीतलं नाव बदलावं, हे कुणाला सुचलं नाही.

तिथल्या कामाला सगळे प्रोसेस म्हणत. चाळणीवरून सरकी उतरायची, फुटके दाणे बायका निवडायच्या, मग किडीवरच्या लाल औषधाची भुकटी लावून पिशव्या भरायच्या. गिरिजाबाई बारा वर्षं भुकटीपाशी बसली. मग छातीत घुरघुर सुरू झाली.

डॉक्टर छातीचा फोटो उजेडाला धरून म्हणाले, “मावशी, ही प्रोसेस आता मागं फिरत नाही. औषध कायम घ्यावं लागेल.”

कामगार विम्यावर औषध फुकट मिळालं असतं, पण कार्डही झुंबरबाईचंच. नाव दुरुस्तीचा अर्ज केला. पाच महिने कारकून मान वर न करता एकच सांगत होता, “प्रोसेसमध्ये आहे.”

लेक शिवकन्या बारावीला होती. “आई, आमच्या केमिस्ट्रीत प्रोसेस म्हंजे एकाचं दुसरंच होऊन जाणं.”

“मंग माझं कवाच झालंय. बारा वर्षं झुंबर हाये मी.”

शेवटी विमा कचेरीतून पत्र आलं. आपल्या नावावर काम गिरिजाबाईनं केलं, असं झुंबरबाईनं स्वतः साहेबासमोर लिहून द्यायचं होतं. ती पिंपळगाव रेणुकाईहून आली, पण उंबऱ्याच्या आत टेकेना.

“बाई, खोट्या नावानं काम केलं म्हणून दोघींनाबी धरतील. माझी लेकरं लहान हायेत.”

“धरू द्या की काकू. आयतं खायला मिळंल,” शिवकन्या म्हणाली.

“तू गप.” गिरिजाबाईनं जावेकडं पाहिलं. गिरिजाबाईनं पत्राची घडी केली आणि धान्याच्या कोठीमागं सरकवून दिली. पुन्हा ती कचेरीत गेली नाही.

जाऊ एसटीला निघाली. त्यानंतर थोड्याच वेळात गिरिजाबाईला जो दम लागला, तो उतरलाच नाही. निघणाऱ्या जावेला दारातून म्हणाली होती, तेच तिचं शेवटचं बोलणं ठरलं:

“उन्हाचं नको निघू, झुंबरे. पिठलं टाकते. दोन घास खाऊन जाय.”