फिकट जिना

आमचा मामा छापखान्यात काम करतो. गिऱ्हाइकाने कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र तो छपाईलायक करून देतो. त्याचा राग एकाच गोष्टीवर, अर्धवट दिसण्यावर. कुणी एखादा आकार पारदर्शक करून फिकट ठेवला की छापखान्यातलं जुनं मशीन अडखळतं, डाग पाडतं. म्हणून फाइल उघडली रे उघडली, की मामा सगळे आकार एकदम निवडून त्यांची पारदर्शकता काढून टाकतो. फिकट होतं ते ठसठशीत! "दिसायचं तर नीट दिसा, नाहीतर चालू पडा," असा आकारांना दमही देतो. पूर्वी मामीलाही द्यायचा. तिने एकदाच काहीतरी सुनावलं आणि ते बंद झालं.

त्या दुपारी आई हॉस्पिटलात चौथ्या मजल्यावर होती, पाय प्लास्टरमध्ये. मामा भेटायला आला तो थेट भिंतीवरच्या नकाशासमोर उभा राहिला. आग लागली तर बाहेर कसं पडायचं, त्याचा नकाशा.

"तीन वर्षांपूर्वी मीच केलाय. प्रत्येक मजल्यावर लावलाय. रंग बघा, जरा तरी उतरलाय?"

"माझ्या पायाचं विचार की रे आधी," आई म्हणाली.

तेवढ्यात धोक्याची घंटा वाजू लागली. कर्कश, थांबेचना. आईला दोन्ही बाजूंनी धरून आम्ही बाहेर आलो, तर समोरचा जिना माणसांनी गच्च भरलेला.

"मागे दुसरा जिना आहे!" मामा ओरडला. "नकाशा माझा आहे, या माझ्यामागे!"

त्याच्या आवाजात असा काही भरवसा होता की आठ-दहा जण आमच्यामागे निघाले. त्यात सलाइनची बाटली हातात धरलेले एक आजोबाही होते.

कॉरिडॉर वळला आणि समोर भिंत. पक्की, रंगवलेली, पुढ्यात मोडक्या व्हीलचेअर. मामा दोन्ही हातांनी ती भिंत चाचपू लागला.

"आता कुठे जायचं?" आजोबांनी त्याला विचारलं.

धापा टाकत नर्स आली. "अहो, घंटा चुकून वाजलीय, आग नाही! इकडे कशाला आलात? हा जिना कधीच बुजवला."

"नकाशात आहे."

"आम्ही रोजचे. नकाशा कोण बघतंय?"

मामा पांढराफटक पडला. "फाइलमध्ये तो फिकट होता," तो म्हणाला. "बंद केलेला म्हणून फिकट. मीच त्याला दुसऱ्यासारखा हिरवागार केला. का फिकट आहे, विचारलंसुद्धा नाही."

तीन वर्षं! मला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच्याकडे बघवेनाही.

त्याने नर्सकडून जाड मार्कर मागून घेतला. प्रत्येक मजल्यावर जाऊन नकाशातल्या त्या जिन्यावर फुली मारली, मग ऑफिसात जाऊन सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. नवे नकाशे लागेपर्यंत तो रोज फुल्या बघून यायचा.

हल्ली तो फिकट दिसेल त्या प्रत्येक आकारासाठी गिऱ्हाइकाला फोन करतो. गिऱ्हाइकं वैतागतात. "तुम्हाला काय करायचंय?" म्हणतात. कारण कळल्याशिवाय मामा फोन ठेवत नाही.