एक दिवस पुढची तारीख

माझ्या डायरीत कोणीतरी डोकावत होतं.

डायरी मिटताना मी पानांत माझा एक केस ठेवते. ही सवय लग्नानंतरची. नवऱ्यावर संशय नव्हता, सासूबाईंवर होता. वृद्धाश्रमात आल्यावर तरी ही गरज संपेल असं वाटलं होतं. पण या महिन्यात चार सकाळी मी आंघोळीहून परतले, तेव्हा केस जमिनीवर पडलेला होता.

पहिला संशय मॅनेजरबाईंवर. मदतनीस बाया न विचारता खोलीत किती वेळा शिरल्या, कोणाची कवळी कोणाच्या पेल्यात गेली, कोणाच्या अंगात दुसऱ्याचा स्वेटर चढला, हे सगळं मी वेळेसकट लिहीत होते. आणि पाहणी जवळ आली होती. बाहेरून एक तपासनीस येऊन इथे आमचा मान राखला जातो का, ते बघणार होत्या. कोणी खाली राहायचं आणि कोणाला वरच्या मजल्यावर हलवायचं, हेही त्याच ठरवणार. वरच्या खोल्यांना आतून कडी नाही. मागच्या खेपेस एका निवृत्त मास्तरांना तारीख सांगता आली नाही, तर आठवड्याच्या आत ते वर गेले.

पाचव्या सकाळी केसाशेजारी कागदाची एक गोल टिकली सापडली, शर्टाच्या बटणाहून लहान. माझा संशय मॅनेजरबाईंवरून उठला आणि थेट समोरच्या खोलीत जाऊन बसला.

समोर कंडक्टर राहतात. एकतीस वर्षं एकाच मार्गाच्या बसवर काढलेली. बायको गेली, मुलगी दूर. सोबत उरला तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. तो सतत खिशात असतो आणि हाताला चाळा म्हणून ते मिळेल त्या कागदाला भोकं पाडत बसतात. जेवणाच्या खोलीत शिरले की आधी डोकी मोजणार. "दोन कमी आहेत! गाडी सोडू नका!" चहाच्या रांगेत कोणी रेंगाळलं की, "पुढे सरका, मधे सगळं रिकामं आहे." एकदा एक मदतनीस बाई दार ढकलून आत शिरली आणि म्हणाली, "ऊठ रे बाळा." कंडक्टर म्हणाले, "बाळ? मग माझं अर्धं तिकीट काढा. आणि त्याआधी बाहेर जाऊन दार वाजवा."

असा माणूस मॅनेजरबाईंचा हेर! मी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

"काय चुकलं माझं, डायरीवाल्या बाई?"

"तुमचं तुम्हाला ठाऊक."

ते मान खाली घालून निघून गेले. माझी खात्रीच पटली.

तपासनीस सकाळी दहाला येणार होत्या, त्या उगवल्या संध्याकाळी पावणेसहाला. चहा होऊन गेला होता. मी रोजच्यासारखं डायरीत दुसऱ्या दिवसाचं पान तयार करून जेवणाच्या खोलीत जाऊन बसले. दोन मिनिटांनी कंडक्टर आले, धापा टाकत. तपासनीसांनी त्यांना शेजारच्याच टेबलाशी बसवलं. मॅनेजरबाई मागे उभ्या.

"शर्टाची बटणं स्वतः लावता?"

"माझी लावतो, शेजाऱ्याचीही लावतो."

"आंघोळ हवी तेव्हा करता येते?"

"गाडी लागेल तेव्हा."

तपासनीस हसल्या. मॅनेजरबाई हसल्या नाहीत.

"आज तारीख काय?"

कंडक्टर ताठ बसले. "तेवीस. गुरुवार."

त्या दिवशी बावीस तारीख होती. बुधवार.

"बघा, हेच सांगत होते मी," मॅनेजरबाई म्हणाल्या. "वर न्यावं लागणार."

तेवीस, गुरुवार ही अक्षरं या इमारतीत एकाच ठिकाणी होती, माझ्या टेबलावर. शाई नुकती वाळलेली. उद्याची तारीख आजच घालून ठेवायची, ही शिस्त कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी लावली. सत्तर वर्षांत मी ती मोडलेली नाही. सकाळी कंडक्टर बघून जायचे तेव्हा तारीख बरोबर असायची. आज तपासनीसांना उशीर झाला, तेवढ्यात ते विसरले, आणि धावत जाऊन पुन्हा बघून आले. हेरगिरी कसली! बिचारे कडीच्या खोलीत राहण्यासाठी तारीख चोरत होते.

मी खोलीतून डायरी आणून तपासनीसांपुढे उघडून ठेवली. "चूक माझी आहे. हे पान बघा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. संशय घेण्यात त्याही कमी नव्हत्या. "म्हणजे उत्तर तुम्ही पुरवलंत?"

"पुरवलं असतं तर बरोबर पुरवलं असतं."

"पण यांना तारीख ठाऊक नाही, हे तर खरं?"

खोटं बोलवेना. "नाही ठाऊक. पण कुठे मिळते ते ठाऊक आहे. इथे भिंतीवर एक कॅलेंडर नाही. दारावरचं घड्याळही मार्चपासून बंद आहे. मग माणसाने तारीख आणायची कुठून?"

त्यांनी वळून भिंतीकडे पाहिलं. नुसता खिळा होता. मग न विचारता डायरीची मागची पानं चाळली. मला राग आला. एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी मोठ्याने वाचलं, "'दार वाजवलं, एकोणीस वेळा. आतून उत्तर येईपर्यंत थांबले, एकदा.' हे एकदा कोण?"

"त्या दिवशी डॉक्टर आले होते," मी म्हणाले.

मॅनेजरबाई खिळ्याकडे बघत राहिल्या.

कंडक्टर खालीच राहिले. सहा महिन्यांनी त्यांना पुन्हा विचारणार आहेत. खिळ्यावर कॅलेंडर आलं, पण महिना उलटून गेला तरी पान कोणी उलटलेलं नाही. म्हणून मी आता तारीख सकाळीच घालते. सिस्टर असत्या तर हातावर पट्टी बसली असती.

सव्वासातला दारावर दोनदा टकटक होते. मी "या" म्हणेपर्यंत दार हलत नाही.

"डायरीवाल्या बाई, आज कुठला थांबा?"

"तीन. सोमवार."

ते माझ्याकडे जरा बघतात. "पान दाखवा."

मी दाखवते. एकदा चुकीचा थांबा सांगणाऱ्या माणसावर कोण विश्वास ठेवेल! खात्री पटली की ते चिटोऱ्यावर तारीख लिहितात, त्याला एक भोक पाडतात आणि खिशात घालतात.

केस मी अजून ठेवते. आजच्या पानात नाही, मागच्या पानांत. मॅनेजरबाई अलीकडे माझ्याशी फार गोड बोलतात.