मागच्या सीटनं केला घोटाळा

मंडळी, डोकं चालंना झालंय.

आज बायकोसंगं केजला नवी गाडी बघायला गेलतो. मी बुटका. चौथ्या गाडीवर बसलो अन् दोन्ही पाय जमिनीला टेकले. म्हणलं, हीच घ्यायची!

तेवढ्यात बायको म्हणली, "मी बी बसून बघते." साडी सावरून एका अंगानं मागं बसली, तर मागची सीट पुढं उतरती, घसरून माझ्या पाठीवरच आली.

तिला बसायला जमली ती गाडी लई उंच. त्या गाडीवर माझेच पाय लोंबकळायले.

मी वैतागलो. "मग जुन्या गाडीवर बारा वर्षं कशी बसलीस?"

"तुमचा खांदा घट्ट धरून. पडायचं भ्या वाटायचं."

अन् मी समजत होतो, मायेनं धरती!

आता कोणती घेऊ? नीट बसता आल्यावर ती खांदा धरंल का न्हाई?