दोन सायलेन्सरची गाडी

माझ्या नवऱ्याचे कान चाललेत हे मला त्यांच्याआधी कळलं, आणि तेव्हापासून माझ्या जिवाला थारा म्हणून नव्हता.

उद्यमनगरात आमचं गॅरेज होतं. पुढं पत्र्याची शेड, मागं आमच्या दोन खोल्या. सत्तरचं दशक सरत आलं होतं. आमचे हे सायलेन्सर बनवायचे आणि इंजिनं सुरात लावून द्यायचे. गाडी सुरू करायची, मागं जाऊन उकिडवं बसायचं, डोळे मिटायचे आणि नळीतून येणारा आवाज ऐकायचा. मग उठून सांगायचे, एक प्लग मार खातोय, नाहीतर व्हॉल्व्ह घट्ट बसलाय. बॉनेट उघडल्यावर तेच निघायचं. लोक त्यांना कानाचा मिस्त्रीच म्हणायचे. त्या कानावर आमची चूल पेटत होती.

आणि हाच माणूस घरात चार हाका मारल्याशिवाय वळेना. आधी वाटलं, मुद्दाम करतात. मी नेसरीची, शेतातली. आमच्याकडं बायका या बांधावरून त्या बांधावर बोलतात. माझा आवाज काही नाजूक नाही. तरी यांचं आपलं, "आँ?" रेडिओ असा लावायचे की शेजारीण म्हणायची, तुमच्या बातम्या आम्हालाच पुरतात, आमचा रेडिओ बंदच असतो. मी विचारलं की डाफरायचे, "मला काय धाड भरलीया? तूच पुटपुटतीस."

मी आणि पुटपुटते! असा राग यायचा की भाकरी तव्यावर आपटायचे. पण खरं सांगू का, राग वरवरचा होता, खाली सगळी भीतीच होती. शेडमधलं इंजिन सुरू झालं की माझा थापता हात थांबायचा. आधी मी ऐकायचे, मग हे काय सांगतात ते ऐकायचे. बरोबर सांगितलं की जीव भांड्यात पडायचा, पण पुढची गाडी येईपर्यंतच. अशानं मला गाड्यांचे आवाज कळायला लागले. न शिकता शिकले म्हणायचं.

त्याच दिवसांत एक कापडवाले शेठ आले. गाडी चार दारांची, बायकापोरांना घेऊन जोतिबाला जायची, पण शेठचा जीव शर्यतीत. मोकळ्या माळावर हौशी लोक गाड्या पळवायचे, तिथं रविवारी शेठना उतरायचं होतं.

"मिस्त्री, मागं दोन सायलेन्सर पायजेत," शेठ म्हणाले. "एक म्हंजे गाडीला एकच बैल जुंपल्यागत दिसतंय."

"शेठ, इंजिन चार सिलिंडरचं, ते बी बारकं," हे म्हणाले. "त्याला मापाची एक नळी बास हाय. दोन लावल्या की धूर सैल पडतोय, खालची ओढ जाती. चढाला गाडी रडंल. दोन नळ्या मोठ्या इंजिनाला."

"ओढ जाऊ दे की खड्ड्यात. मागनं दिसाय पायजे."

चार दिवस हाच वाद. समोरच्या चहाच्या गाड्यावर एकवाले आणि दोनवाले असे तटच पडले, ज्यांना सायकलसुद्धा नाही तेही हिरिरीनं बोलायचे. हे आधी असे कुणाचं ऐकायचे नाहीत. या वेळी मात्र लवकर नमले, आणि त्याचीच मला धास्ती वाटली. माणूस आपल्या कामाबद्दल भांडेनासा झाला की काहीतरी बिनसलेलं असतं.

शेजारी एक वेल्डर होते, यांचे जुने दोस्त. मी त्यांना भाई म्हणायचे, ते मला भाभी. दोघांनी मिळून इंजिनाकडून आलेल्या नळीला गाडीखाली फाटा काढला आणि मागं डावीउजवीकडं दोन सायलेन्सर बसवले. चंदेरी रंग दिला. दिसायला गाडी फाकडू झाली होती, खोटं कशाला बोलू.

आमच्या शेडमध्ये उंदीर फार. गाडी मुक्कामाला राहिली की नळीच्या तोंडात कापडाचा बोळा घट्ट कोंबायचा, ही आमची रीत. चिंध्या मी द्यायचे, माझ्या जुन्या लुगड्यांच्या. सकाळी बोळा काढायचा राहिला तरी बिघडायचं नाही, कारण नळी एकच. गाडी दोनदा खोकायची आणि बंद पडायची, म्हणजे आठवण तीच करून द्यायची. या गाडीला मात्र संध्याकाळी दोन बोळे गेले.

सकाळी शेठ आले, बरोबर चहाच्या गाड्यावरचे दोनचार जण. मी चहा घेऊन शेडच्या दारात उभी. यांनी गाडी सुरू केली, मागं जाऊन बसले, डोळे मिटले.

आवाज एका अंगानं येत होता. डावीकडून भडाभडा, उजवीकडं नुसती मुकी धुसफूस. उजव्या नळीतला बोळा काढायचा राहिला होता. आता उठतील, म्हटलं, आता उजवीकडं हात घालतील. भाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांनाही कळलं होतं.

हे उठले आणि म्हणाले, "झकास. दोन्हीकडनं सारखा यतोय."

शेठ अजून गाडीचं रूपच बघत होते. पण ते आता मागं येणार, नळीशी हात धरणार, एक गरम आणि एक गार लागणार. कानाचा मिस्त्री आणि त्याला बोळा ऐकू आला नाही! दुपारपर्यंत ही गोष्ट उचगावापर्यंत गेली असती.

मी ट्रे खाली ठेवला, तरातरा गेले आणि शेठच्या गाडीत हात घालून किल्ली फिरवली. गाडी बंद.

"अगं, काय करतीस?" हे ओरडले.

"माझं हिरवं लुगडं कुणी फाडलं?" मी त्यांच्याहून मोठ्यानं. "जुनं घ्या म्हटलंवतं, चांगलं घेतलं. बोळा करून कोंबलाय न्हवं हितं? मला माझं फडकं आत्ताच्या आत्ता पायजे." आणि उजव्या नळीत बोटं घालून मी तो बोळा ओढून काढला. लुगडं विटलेलं, पोतेऱ्याच्याही लायकीचं नव्हतं.

शेठ पोट धरून हसायला लागले. "वहिनी, फडक्यापायी गाडी बंद केली व्हय?"

"माझी चूक की," भाई लगेच म्हणाले. "मीच कोंबलावता, काढायचा इसरलो."

सगळे हसत होते. हे तेवढे हसले नाहीत. माझ्या मुठीतल्या बोळ्याकडं बघत राहिले. मग गाडी सुरू केली आणि मागं जाऊन बसले. या वेळी डोळे मिटले नाहीत. माझ्याकडं बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं कामातलं कधी कुणाला विचारलं नव्हतं. भुवई किंचित वर केली. मी मान हलवली.

"सारखा यतोय," ते उठून शेठना म्हणाले. "जावा घेऊन."

रात्रीच्या जेवणाला रेडिओ लावला नाही. भाकरी मोडत म्हणाले, "कधीपास्नं ठावं हाय तुला?"

"लई दिस झालं."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले की. तुमास्नी ऐकू कुठं आलं?"

ते हसले. हसता हसता डोळे पुसायला लागले, आणि मग मला रडू आवरेना.

रविवारी शेठची गाडी निघायलाच जड गेली आणि मागं पडली. पण मागून देखणी दिसली म्हणून शेठ खूश. मला त्याचं काही नव्हतं.

सोमवारी पीठ मळत होते तेव्हा शेडमध्ये इंजिन सुरू झालं. एकाच नळीची साधी गाडी. हाताचं पीठ तसंच ठेवून मी दारात गेले. नळीमागं हे लाकडाच्या ठोकळ्यावर बसले होते. त्याच्या शेजारी दुसरा मांडला होता आणि तो रिकामा होता.