सगळ्याला हो म्हणणारी ड्युटीबाई

बसच्या आगारात सगळे तिला ड्युटीबाई म्हणायचे. कोणती गाडी कोण चालवणार, हे ती ठरवायची. तक्ता आदल्या दिवशीच लागलेला असे, पण पहाटे तिनं खिडकी उघडली की त्यातली दहा-बारा नावं गळालेलीच असत. मागे गाड्या घरघरत उभ्या आणि खिडकीत चार तोंडं एकदम बोलायला लागलेली.

अठरा वर्षं तिनं हे हसतखेळत निभावलं. कुणी कंबरेला हात लावून आलाच, तर ती म्हणायची, "काल डावीकडे दुखत होती ना? आज उजवीकडे कशी गेली? बसा गाडीत, रस्त्यात येईल जागेवर." तोही हसत जायचा.

मग साहेबांनी तिच्या जोडीचा कारकून दुसऱ्या आगारात पाठवला. दोघांचं काम तिच्या एकटीच्या डोक्यावर आलं. नवरा नोकरीपायी दुसऱ्या गावी, पंधरा दिवसांनी येणारा. घरी पाऊल टाकलं की दोन्ही मुली हजर. भाजी कोणती करू, सहलीला जाऊ की नको, नळवाल्याला आज बोलावू की उद्या? एकदा तर ती चपला हातात धरून दारातच उभी राहिली. कप्प्यात ठेवाव्यात की बाहेर, हेच तिला सुचेना. मोठीनं त्या हातातून काढून घेतल्या.

नकळत तिला एक सोय सापडली होती. 'नाही' म्हटलं की समोरचा कारण विचारतो, 'हो' म्हटलं की निघून जातो. ती सगळ्याला हो म्हणू लागली. धाकटीनं विचारलं, "आई, केस कापू?" ही म्हणाली, "हो." संध्याकाळी पोरगी कानापर्यंत स्वतःच कातरलेले केस घेऊन समोर आली. सगळे पोट धरून हसले. तीही हसली, पण आपण हो कधी म्हणालो, हे तिला आठवेना.

तिचे वडील दोन गल्ल्या पलीकडे एकटेच राहायचे. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. आता हात थरथरायचे, तरी रोज खिडकीशी भिंग लावून काहीतरी उघडून बसायचे. आगाराच्या गडबडीत तिचं आठवडाभर तिकडे जाणंच झालं नव्हतं. सोमवारी दुपारी ती गेली, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "अगं, शनिवारीच गेले की वृद्धाश्रमात. तुझी धाकटी बहीण घेऊन गेली. तुला माहीत नाही?"

तिनं तिथंच जिन्यावर बसून बहिणीला फोन लावला.

"मला न विचारता?"

"न विचारता कसं ताई? गेल्या सोमवारी सकाळी फोन केला होता. जागा रिकामी झालीय, शनिवारी नेऊ का, म्हटलं. तू म्हणालीस, हो, हो, ने. मी दोनदा विचारलं."

तिला फोन आल्याचं अंधुक आठवत होतं. तेव्हा खिडकीत दोन ड्रायव्हर एका गाडीवरून भांडत होते.

ती तशीच आश्रमात गेली. वडील खाटेवर बसले होते. पिशवी अजून भरलेलीच.

"बाबा, चला घरी. माझ्याकडे."

"तू हो म्हणालीस ना?"

"मी ऐकलंच नव्हतं हो बाबा. नुसतं तोंडातून गेलं."

ते म्हणाले, "मला वाटलं, मी जड झालो. तसं असतं तरी चाललं असतं गं. ऐकलंच नाहीस, हे जास्त लागलं."

तिला रडू फुटलं. त्यांनी तिला रडू दिलं.

"आता इथंच राहतो थोडे दिवस," ते शेवटी म्हणाले. "तुला विचारत नाहीये, सांगतोय."

क्षणभर तिला सुटल्यासारखं वाटलं. कुणीतरी ठरवून टाकलं होतं, तिला काही ठरवावं लागणार नव्हतं. मग त्या सुटकेचीच तिला इतकी लाज वाटली, की वडिलांकडे मान वर करून बघवेना.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांपुढे उभी राहिली. "मला जोडीला माणूस द्या, नाहीतर दुसरं काम द्या. उद्या मी तापानं फणफणलेल्या ड्रायव्हरलाही गाडी देईन आणि मला कळणारसुद्धा नाही." साहेबांनी आधी उडवून लावलं. ती जागची हलली नाही. तिसऱ्या आठवड्यात अर्ध्या दिवसापुरता एक कारकून आला.

घरी भाजीपाला आणि नळवाला मोठीनं आपल्याकडे घेतला. रोज दुपारी आगारातून सुटली, की ती तासभर वडिलांजवळ बसते. फोन पर्समध्ये बंद. ते कुणाकुणाची बंद पडलेली घड्याळं उघडून बसतात, ती बारीक स्क्रू बशीत वेचून ठेवते. परत घरी यायचा विषय ते काढत नाहीत. तिनं दोनदा काढला. दोन्ही वेळा ते म्हणाले, "बघू."

अजून ते तिथंच आहेत.