कॅनडाच्या संघाला नाशिकचा हार

मंडळी, आज दुपारी भद्रकालीत एक फोटो फ्रेम करायला नेला. कॅनडातल्या भाच्याने तिथल्या जुन्या बाजारातून आणलेला, १९३०च्या दशकातल्या एका फुटबॉल संघाचा. संघ केव्हाच बंद पडलाय.

फ्रेमवाले सलीमचाचा सवयीने म्हणाले, "ताई, हारासाठी खिळे ठोकू ना?"

मला हसूच आलं. "अहो चाचा, हे आमचे कुणी नाहीत!" मग फोटोमागे लिहिलेलं सांगितलं. शेवटच्या वर्षी सगळ्यांना पुरतील एवढे बूटच नव्हते. बाहेर येणारा गडी आपले बूट काढून आत जाणाऱ्याला द्यायचा. पण सामना एकही सोडला नाही पठ्ठ्यांनी.

चाचा बराच वेळ फोटोतले पाय बघत राहिले. मग न विचारता दोन्ही कोपऱ्यांत खिळे ठोकले.

"एवढी माणसं आहेत ताई, हार मोठा लागंल."

सांगा आता, झेंडूचा आणू की शेवंतीचा?